तोंडातल्या तोंडात

२ सप्टेंबर

मुलाखती घ्यायला निघालेल्या माणसाने स्वतःच्या मनाचीही रोजनिशी ठेवावी, म्हणजे आपले पूर्वग्रह कामात शिरत नाहीत, असं मी विद्यार्थ्यांना कित्येक वर्षं सांगत आलोय. स्वतः कधी ठेवली नाही. आता ठेवणं भाग आहे. मला माझ्याच सहकाऱ्यांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत, आणि त्यांच्याबद्दलचे माझे पूर्वग्रह एका वहीत मावतील असं वाटत नाही.

झालं असं. बाहेरून तपासणीला आलेल्या समितीने आमच्या मानसशास्त्र विभागावर शेरा मारलाय: इथली माणसं एका छपराखाली बसतात, पण संशोधन मात्र आपापल्या खोलीत दार लावून करतात. प्रमुखबाईंनी लगेच बैठक बोलावली. बाई वयाने माझ्याहून लहान, एकेकाळी माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायच्या. कोण कोणाबरोबर काम करतं, का करतं, करत नसेल तर का नाही, हे शोधून अहवाल द्यायचा. मी सामाजिक मानसशास्त्र शिकवतो, म्हणून हे लोढणं माझ्या गळ्यात.

बैठक म्हणजे नुसता वैताग. डोक्यावर पंखा खडखडतोय आणि सगळे तोंडातल्या तोंडात बोलतायत. पूर्वी या विभागात माणसं टेबलावर हात आपटून भांडायची. आता पुटपुटतात. आत्मविश्वासच उरला नाही कोणात. गणित्या तरी ठणकावून बोलेल असं वाटलं होतं, तर तोही दाढीत बोलत होता.

गणित्या म्हणजे आमच्याकडे संख्याशास्त्र शिकवणारा, माझा वीस वर्षांचा जोडीदार. शाळकरी मुलांच्या मैत्रीवर आम्ही दोघांनी मिळून काम केलंय. प्रश्न मी काढायचे, आकडे त्याने लावायचे. उन्हाळ्यात चेहऱ्यावर पुरळ आलं म्हणून त्याने दाढी राखली, ती आता मिशांसकट ओठांवर आलीय. तेव्हापासून त्याचं बोलणं बिघडलंय. त्याला तसं सांगितलं तर हसला. हसला असावा. दाढीमुळे तेही कळत नाही.

५ सप्टेंबर

पहिली मुलाखत उंदीरमामांची. हे प्रयोगशाळेत उंदरांवर शिकण्याचे प्रयोग करतात. त्यांना सगळे उगाच नावं ठेवतात. मला तर माणूस एकदम स्वच्छ वाटला. सरळ बोलतो, खणखणीत बोलतो, आडपडदा नाही. "मी कोणाहीबरोबर काम करायला तयार आहे, पण माझ्याकडे कोणी येतच नाही!" असं म्हणाले. बाहेर व्हरांड्यातून जाणारी दोन पोरं दचकून थांबली. यांच्याकडे कोणी का येत नाही, हे मला खरंच कोडं आहे. 'सहकार्यास अत्यंत उत्सुक' असं लिहून ठेवलंय.

मुलाखत रेकॉर्ड करत नाही. यंत्र समोर ठेवलं की माणसं कचरतात. आपण नीट लक्ष देऊन ऐकावं आणि लगेच टिपून घ्यावं, हीच माझी पद्धत.

९ सप्टेंबर

आज कुजबुज. हे मी मनातल्या मनात ठेवलेलं नाव. बालमानसशास्त्र शिकवणारी ही नवी बाई हुशार आहे, पण बोलते अशी की समोरच्याने तिच्या ओठांना दुर्बीण लावावी. शिवाय मुलाखतभर छताकडे बघत होती. मी प्रश्न विचारला की ती वर बघणार. उत्तर देता देता वर बघणार. मध्ये एकदा तर तिने डोळेच मिटले. मी इतका कंटाळवाणा आहे?

शेवटी तिने बरंच अंग चोरून विचारलं, "सर, मला लवकर जायचंय, जमेल का?" म्हटलं, "जा ना! मी कशाला अडवू? माझी काही हरकत नाही, पण मला त्यात ओढू नका." कारण मागे एकीने लवकर जाऊन माझं नाव सांगितलं होतं. तिचा चेहरा पडला. उठली आणि गेली. आजकालच्या मुलांना शिस्तीचे दोन शब्द सांगायचीही सोय नाही.

छताकडे बघणं उंदीरमामांनीही केलं होतं, आता आठवतंय. टिपून ठेवतो: नजर टाळण्याची विभागव्यापी सवय.

१४ सप्टेंबर, रविवार

घरी तरी शांतता असावी, तर तेही नाही. बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. तिथे म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावायला जो आवाज लावते, तोच हल्ली माझ्याशी लावते. एकेक शब्द सुटा करून. म्हटलं, मी काय तुझं गिऱ्हाईक आहे? त्यावर ती हताश होऊन म्हणाली, "दुकान बघून येऊ या एकदा, माझ्यासाठी तरी." आठवडाभर दुकानातच असतेस, सुट्टीच्या दिवशी आणखी कुठलं दुकान बघायचंय? तर कपाळावर हात मारून आत गेली.

लेकही दर रविवारी फोन करायची, ती आता नुसते मेसेज पाठवते. नोकरी लागली की आईबाप असे चार ओळींत आटोपतात. बायको म्हणते तिचा फोन तर नेहमी येतो. म्हणजे आईला फोन आणि बापाला मेसेज. छान.

१८ सप्टेंबर

आज मात्र हद्द झाली. नव्या मोठ्या प्रकल्पाची बैठक होती. विद्यापीठ मिश्र गटांना मंजुरी देणार आहे, म्हणजे नेहमीच्या जोडीत आणखी एखादं माणूस घ्यायचं. प्रमुखबाईंनी काल व्हरांड्यात चालता चालता सांगितलं, आठ नंबरच्या खोलीत. मी आठ नंबरमध्ये जाऊन बसलो. एकटा. भिंतीवरचा मेंदूचा तक्ता बघत. बऱ्याच वेळाने बाहेर आलो तर मंडळी शेजारच्या सात नंबरमधून हसत बाहेर पडतायत! गट ठरले सुद्धा.

"सर, तुमची वाट बघितली," प्रमुखबाई म्हणाल्या. वाट बघितली म्हणे. मधे एक भिंत होती फक्त. मला वगळायचंच होतं तर तोंडावर सांगायचं. प्रमुखबाईंचे कान कोणी भरले, ते मला शोधून काढायला हवं.

गणित्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटला. त्यातलं 'मी सांगितलंय' एवढंच कळलं. काय सांगितलंय, कोणाला? विचारलं नाही. प्रत्येक वेळी 'काय? काय?' करणं मला आवडत नाही.

२३ सप्टेंबर

लिहू की नको असं झालंय. पण रोजनिशी याचसाठी ठेवली.

आज गणित्याची मुलाखत होती. खरं तर त्याची काय मुलाखत घ्यायची, त्याचं सगळं मला तोंडपाठ. पण पद्धत म्हणजे पद्धत. तो माझ्या खोलीत आला, नेहमीच्या खुर्चीत बसला, छताकडे बघून तोंड वाकडं केलं (तोही!). इकडचं तिकडचं झालं. मार्चमध्ये तो निवृत्त होतोय, पण दोन वर्षांची मुदतवाढ मिळेल अशी त्याला आशा आहे. त्याच्यासारखे आकडे लावणारा दुसरा नाही, तेव्हा मिळायला हवी.

मग मी ठरलेला प्रश्न विचारला: "पुढच्या प्रकल्पात तू कोणाबरोबर काम करणार?"

तो दाढी खाजवत, हात तोंडावरच ठेवून म्हणाला, "एक मात्र लिहून ठेव. तुझ्याशी मी काम करणार नाही."

आणि वर हसला.

मला वाटलं, मस्करी करतोय. पुढे काही म्हणेल म्हणून थांबलो. तो मी लिहून घेतोय का, तेवढं बघत होता. मी लिहून घेतलं. पेन चालत नव्हतं नीट. मग उभा राहिलो आणि म्हटलं, "ठीक आहे. जशी तुझी मर्जी."

"काय झालं?" त्याने विचारलं. हे मात्र स्पष्ट ऐकू आलं. मी दार उघडून धरलं.

२५ सप्टेंबर

दोन दिवस गणित्याशी बोललो नाही. आज माझ्या दारात येऊन उभा राहिला, काहीतरी विचारलं, हात पसरले. मी तपासायच्या पेपरांमध्ये डोकं घातलं. गेला.

बायकोला सांगितलं. ती औषधाच्या खोक्यांवर किमती लिहीत होती, ती थांबली. "तो असं म्हणाला? तो? तुम्ही नीट ऐकलंत का?"

नीट ऐकलंत का! वीस वर्षं मी लोकांना ऐकायचं कसं ते शिकवतो. आवाज चढवला मी. तिने चढवला नाही, माझ्याकडे बघत हळू काहीतरी म्हणाली. काय म्हणालीस, विचारलं, तर म्हणे, "काही नाही." घरी 'काही नाही', विभागात 'काही नाही'. सगळ्यांचं मिळून एकच उत्तर ठरलंय बहुधा.

३ ऑक्टोबर

अहवाल पूर्ण केला. चांगला झालाय, स्वतःच म्हणतो. त्यात लिहिलंय की विभागात तरुण मंडळी बुजरी आहेत आणि कामातून लवकर पळ काढतात. महत्त्वाचे निर्णय बंद दारामागे होतात. आणि काही ज्येष्ठ आता आपल्या जुन्या सहकाऱ्यांबरोबरही काम करायला राजी नाहीत. नाव लिहिलं नाही. तेवढी सभ्यता पाळली.

प्रमुखबाईंनी माझ्यासमोरच वाचला. शेवटच्या परिच्छेदावर थांबल्या. "हे ज्येष्ठ म्हणजे कोण?"

मी सांगितलं. का सांगितलं? विचारलं म्हणून. आणि खरं होतं म्हणून. आणि मला लागलं होतं म्हणून, हेही इथे लिहून ठेवतो, कारण इथे कोणी वाचणार नाही.

त्यांना खरं वाटेना. मग मान खाली घालून, कागद चाळत, मुदतीबद्दल काहीतरी बोलल्या आणि शेवटी वर बघून म्हणाल्या, "चालेल ना, सर?" अहवालाची मुदत असणार, आज तीनच तारीख आहे, मुदतीच्या आतच दिलाय. म्हटलं, "हो, हो, अगदी चालेल." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या टेबलावर थुंकलो. काय माणसं आहेत! काम वेळेत द्या तरी तोंड वाकडं.

१० ऑक्टोबर

उंदीरमामांनी जिन्यातच गाठलं. "कळलं का? गणित्याची मुदतवाढ नाकारली! सहकार्य करत नाहीत, असा विभागाचाच अभिप्राय गेला म्हणे!" सगळ्या जिन्याला कळलं.

मी खाली जाऊन चहा घेतला. गार होईपर्यंत तसाच. विभागाचा अभिप्राय. मी तर अहवाल दिला होता, अभिप्राय कुठे दिला? मुदतवाढीच्या समितीचा या अहवालाशी काय संबंध? पण मग वाटलं, तो जे बोलला ते बोललाच ना. त्याने बोलायचं आणि मी लपवायचं, असं कुठे असतं?

दुपारी तो समोरून आला. आम्ही इतकी वर्षं त्या व्हरांड्यात एकमेकांना अडवून उभे राहायचो, लोकांना वळसा घालून जावं लागायचं. आज तो भिंतीच्या कडेने गेला.

जेवण गेलं नाही. बायकोने काही विचारलं नाही. की विचारलं?

१६ ऑक्टोबर

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

कुजबुजचं प्रात्यक्षिक होतं: माणसाला किती बारीक आवाज ऐकू येतो ते मोजायचं. एकाने कानाला हेडफोन लावून पाठमोरं बसायचं, दुसऱ्याने यंत्रावरून वेगवेगळे सूर सोडायचे, सूर ऐकू आला की बसणाऱ्याने बटण दाबायचं, दिवा लागतो. मी सहज डोकावलो तर एका मुलीचा जोडीदार गैरहजर. म्हटलं, मी बसतो. मन एकाग्र करून कसं बसायचं ते पोरांना दिसू दे.

बसलो. पहिले सूर जाड होते, भोंग्यासारखे. दाबलं बटण. पोरं कौतुकाने बघत असणार, असं मला पाठमोरं बसूनही वाटत होतं. मग सूर थांबले. मी थांबलो. मुलगी काही सोडेचना. मी आणखी थांबलो. शेवटी वळून म्हटलं, "काय झालं? बंद पडलं का?"

ती मुलगी यंत्राकडे बघत होती. मग कुजबुजकडे. मग पुन्हा यंत्राकडे.

माझा पारा चढला. "वर्ग सुरू करण्याआधी यंत्र तपासायला काय होतं? ही काय पद्धत आहे? मुलांनी यातून काय शिकायचं?" असं बरंच काही. कुजबुज पुढे आली. तिने माझ्या कानावरचा हेडफोन काढला, आपल्या कानाशी नेला आणि चटका बसावा तसा झटकन बाजूला धरला. यंत्राचा खटका खाली केला. तेव्हा मला दिसलं की तो वर, अगदी टोकाला होता.

वर्ग एकदम शांत झाला. की तसा नव्हता आणि मलाच तसं वाटलं? हा प्रश्न आयुष्यात मला पहिल्यांदाच पडला.

तिने मुलांना सुट्टी दिली. खुर्ची ओढून माझ्या अगदी समोर बसली, चेहऱ्यासमोर चेहरा, आणि सावकाश बोलली. मला सगळं कळलं. इतकं सगळं कळलं की चीड आली.

"सर, तुमच्या खोलीत एक आवाज येतो. छताला धुराचा अलार्म आहे ना, त्याची बॅटरी संपत आलीय. तो सारखा टीं-टीं करतो. डोक्यात जातो."

"कधीपासून?"

"मी आले तेव्हापासून आहे."

"मग कोणी सांगितलं का नाही?"

ती ओशाळली. "सगळ्यांना वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवलाय. कोणी जास्त वेळ बसू नये म्हणून."

१८ ऑक्टोबर

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. बारीक आवाज गेलेत, स आणि श आणि असले सगळे हवेचे वर्ण. शब्दाची शेपटी गळते आणि उरलेलं मेंदू आपल्या मनाने भरून टाकतो. हे मला डॉक्टर सांगत होता. मला! मी हे दरवर्षी दुसऱ्या सत्रात शिकवतो.

परतताना बायको म्हणाली, "दोन वर्षं सांगतेय, कान बघून घेऊ या."

"कधी सांगितलंस?"

"तेच तर."

दुकान नव्हतं तर ते.

२५ ऑक्टोबर

कानात यंत्रं बसवली. जग असह्य आहे. कागद किंचाळतो. चमचा बशीला लागला की दात शिवशिवतात. उंदीरमामा समोर आले आणि बोलले; मी दोन पावलं मागे सरलो. यांच्याकडे कोणी का येत नाही, हे कोडं सुटलं. 'अत्यंत उत्सुक'!

अलार्मची बॅटरी बदलून घेतली. आधी मात्र खुर्चीत बसून तो आवाज थोडा वेळ ऐकला. या आवाजाखाली बसून माणसं माझ्या प्रश्नांची उत्तरं देत होती.

उद्या गणित्याकडे जायचं. गेले काही दिवस हेच लिहायचं टाळतोय.

२६ ऑक्टोबर, रविवार

दार त्यानेच उघडलं. आत ये म्हणाला नाही. मी उभ्या उभ्याच विचारलं, "त्या दिवशी मुलाखतीत तू काय म्हणाला होतास?"

"तुला माहीत नाही? तू लिहून घेतलंस की."

"तुझ्याशी काम करणार नाही, असं लिहिलं."

त्याची नजर माझ्या कानाकडे गेली. एका कानाकडून दुसऱ्याकडे.

"शिवाय," तो म्हणाला.

"शिवाय काय?"

"तुझ्याशिवाय. तुझ्याशिवाय मी काम करणार नाही. असं म्हणालो होतो, गाढवा. बैठकीतही तेच सांगून आलो होतो, गट ठरवत होते तेव्हा."

मला वाटलं, आता तो हसेल. मी हसायच्या तयारीत होतो सुद्धा. तो हसला नाही. दाराची कडी धरून उभा होता.

"तू एकदा मला विचारायचंस तरी."

"विचारलं होतं ना."

"आणि मी सांगितलं होतं."

आतून त्याच्या बायकोने विचारलं, कोण आलंय. तो मला म्हणाला, "ऐकू आलं नाही, हे मी समजू शकतो. वय झालंय, व्हायचंच. पण असं ऐकू आलं आणि तुला ते खरं वाटलं? वीस वर्षांनंतर?" मग म्हणाला, "जा आता."

गेलो. रस्त्यावर माझ्याच चपलांचा आवाज येत होता, तो सबंध वाटभर.

२९ ऑक्टोबर

प्रमुखबाईंना सांगितलं. मुलाखती घेणारा बहिरा होता, अहवाल रद्द करा, मुदतवाढीच्या समितीला कळवा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, समितीचा निर्णय झालाय. आता पुन्हा बसणार नाहीत. मी विचारून बघते, पण नाही बसणार." मग म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं. हेच मुदतवाढीच्या समितीपुढे जाईल, चालेल ना, असं. तुम्ही म्हणालात, अगदी चालेल. मला रात्रभर झोप लागली नाही. तुमच्याबद्दल असं काही मला कधी वाटलं नव्हतं."

मी म्हटलं, विभागाची बैठक बोलवा. बोलावली. सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. गणित्या शेवटच्या खुर्चीत होता, खिडकीबाहेर बघत. प्रमुखबाईंनी पत्र लिहिलं, आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. उंदीरमामांनी सही करताना ओरडून सांगितलं की यात अर्थ नाही. यंत्र काढून खिशात टाकावंसं वाटलं.

११ नोव्हेंबर

समितीचं उत्तर आलं. नाही म्हणजे नाही. गणित्या मार्चमध्ये जाणार.

मुलाखती पुन्हा घेतोय. या वेळी लोकांच्या खोल्यांत जाऊन. आधी सगळे अवघडले, मग बोलायला लागले, आणि जे ऐकलं त्याने दुसऱ्यांदा कपाळाला हात लावायची वेळ आली. एकत्र काम का करत नाहीत? कारण एकाला वाटतं दुसऱ्याला वेळ नसेल. दुसऱ्याला वाटतं पहिला आपल्याला कमी लेखतो. तिसऱ्याने चार वर्षांपूर्वी एक निबंध वाचायला दिला होता, त्यावर कोणी काही बोललं नाही म्हणून तो रुसलाय, आणि ज्याला दिला होता त्याला तो मिळालाच नव्हता. सगळ्यांचे कान शाबूत! यांना कुठलं यंत्र बसवायचं?

कुजबुजकडे शेवटी गेलो. म्हटलं, त्या दिवशी लवकर जायला मी नाही म्हणालो नव्हतो. ती गोंधळली. "लवकर? नाही सर. मी विचारलं होतं, मला तुमच्यासोबत काम करायचंय, जमेल का."

आणि मी म्हटलं होतं, जा ना, मला त्यात ओढू नका.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय?"

"आता जमेल का?"

तिने लगेच हो म्हटलं नाही. "विचार करून सांगते," म्हणाली. बरोबर आहे तिचं. पण मी तिथेच उत्तराची वाट बघत थोडा वेळ उगाच उभा राहिलो.

२० नोव्हेंबर

तिने हो म्हटलं. एका अटीवर. आकडे लावायला गणित्या सर हवेत, आणि त्यांना विचारायचं काम माझं.

मी चिठ्ठी लिहिली, फाडली. फोन लावला, ठेवला. शेवटी वर्ग सुटल्यावर त्याला व्हरांड्यात अडवलं. विचारलं. तो म्हणाला, "कामापुरता येईन." बस्स. कामापुरता.

४ डिसेंबर

तिघांची पहिली बैठक, माझ्या खोलीत. नवीन वर्गात आलेली मुलं मित्र कशी शोधतात, यावर छोटासा प्रकल्प. विद्यापीठाचा मोठा प्रकल्प आमच्या हातून गेलाच.

गणित्याने छळ मांडलाय. काही ठरलं की पेन खाली ठेवतो आणि मला म्हणतो, "काय ठरलं? सांग." शाळेतल्या पोरासारखं मला म्हणून दाखवावं लागतं. एका शब्दाची चूक झाली तर मान हलवतो. कुजबुज खाली बघून हसते. हा अपमान आहे, आणि मी तो करून घेतोय, आणि त्याला ते माहीत आहे.

शिवाय माझ्या मसुद्याचा तिसरा भाग त्याने फुली मारून काढून टाकला. "यात नवीन काही नाही." नवीन नाही? सगळा लेख त्याच्यावर उभा आहे! आम्ही इतके भांडलो की चहा गार झाला. त्याचा एकेक शब्द मला ऐकू आला, आणि एकही पटला नाही.

११ डिसेंबर

आज पुन्हा भांडण. तिसरा भाग अर्धा परत आला. अर्धा! कुजबुजने त्याची बाजू घेतली. बायकोला सांगितलं तर म्हणाली, तो अर्धाही लांबलाय असं तिला वाचताना वाटलं. तिला वाचायला कोणी दिला होता?

संध्याकाळी कुजबुज गेल्यावर गणित्या कागद आवरत होता. कपाटाकडे तोंड करून, फायली रचता रचता, दाढीतल्या दाढीत म्हणाला, "मार्चनंतर मला बसायला जागा नसेल. तुझ्या खोलीत एक टेबल टाकलं तर चालेल का?"

मी म्हटलं, "काय?"

त्याने सुस्कारा सोडला. वळला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करून, अख्ख्या व्हरांड्याला कळेल अशा आवाजात पुन्हा विचारलं.

"चालेल," मी म्हटलं.

"काय ठरलं? सांग."

"मार्चनंतर तू इथे बसणार. टेबल टाकायचं."

त्याने मान हलवली आणि पिशवी उचलून गेला. पहिल्यांदा विचारलं होतं तेव्हाच मला नीट ऐकू आलं होतं. त्याला सांगितलं नाही. टेबल कुठे मावणार, देव जाणे.